आयर्विनपासून उंबऱ्यापर्यंत

जुलै-ऑगस्टात सांगलीत दोन माणसे भेटली की बोलण्याची सुरुवात "आयर्विनला किती?" या प्रश्नाने होते. १९२९ साली कृष्णेवर उभ्या राहिलेल्या या पुलापाशी पाण्याची उंची फुटांत मोजतात; ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. कोयनेतून किती पाणी सोडले, वारणेला किती आहे, अलमट्टीत किती साठा झाला, या सगळ्या चौकशा शेवटी त्या एका आकड्यापाशी येऊन थांबतात. मीही या शहरात राहायला आल्यापासून तो आकडा रोज विचारत आले; मात्र तो ऐकून मला नेमके काय कळते, हा प्रश्न स्वतःला विचारायला फार उशीर केला. पुलापाशी पाणी ४३ फुटांवर आहे एवढ्यावरून आपल्या दाराशी ते कधी येईल, हे कुणालाच सांगता येत नाही. पूल एका जागी आहे, घर दुसरीकडे आहे, आणि मधल्या जमिनीची उंचसखलता त्या आकड्यात कुठेही नाही. ती उंचसखलता मोजून माणसाच्या हाती देणे हा माझा व्यवसाय आहे, आणि तो इथे लोकांच्या ओळखीचा व्हावा यासाठी गेली वीसएक वर्षे मी जमेल तशी धडपड करते आहे.

मी एका तंत्रनिकेतनात सर्वेक्षण हा विषय शिकवते. जगभर आता या विद्याशाखेला जिओमॅटिक्स म्हणतात. हा शब्द फ्रेंचमधून आला आणि १९८० च्या दशकात कॅनडातल्या विद्यापीठांत रुजला. भूमापन, उपग्रहांवरून केलेले सुदूर संवेदन, हवाई छायाचित्रे, जीपीएस आणि संगणकावरची नकाशाशास्त्रीय माहितीप्रणाली हे सारे तो एका छत्राखाली आणतो. मराठीत त्याला अजून घरचे नाव मिळालेले नाही. नात्यातले कुणी विचारले की माझी आई सांगते, "मोजणीचं शिकवती ती." हे ऐकताच समोरचा माणूस आपल्या बांधाचे दुखणे सांगू लागतो. आमच्याकडे मोजणी हा शब्द तंट्याला चिकटलेला आहे. वावरात मोजणी आली म्हणजे भावाभावांत काहीतरी बिनसले, असाच अर्थ गाव घेते. शंभर वर्षांपूर्वीचे टिपण, हरवलेला हद्दीचा दगड, सरकत गेलेला बांध आणि कोर्टाची तारीख या सगळ्या गोष्टी त्या शब्दामागून चालत येतात. या व्यवसायाविषयी लोकांच्या मनात आपलेपणा निर्माण करायचा असेल तर सुरुवात याच ठिकाणाहून करावी लागते, आणि मला ते समजायला बरीच वर्षे गेली.

खरे तर मला ते घरातच समजायला हवे होते. माझे वडील, अण्णा, साताऱ्यात गवंडीकाम करीत. त्यांच्या पिशवीत थापी आणि रंधा यांच्या जोडीला ओळंबा, पाणसळ आणि पाणी भरलेली पारदर्शक नळी असे. एका भिंतीवरची खूण पलीकडच्या भिंतीवर न्यायची असली की नळीचे एक टोक ते स्वतः धरीत, दुसरे माझ्या हाती देत आणि पाणी स्थिर होईपर्यंत बोलू देत नसत. पाणी थांबले की दोन्ही टोकांशी पेन्सिलीने रेघ ओढायची. मधे खोली असो, अंगण असो, वळण असो, त्या दोन रेघा एकाच पातळीत असणार याविषयी अण्णांना किंवा घरमालकाला कधी शंका आली नाही, कारण सगळे दोघांच्याही डोळ्यांसमोर घडत होते. पुढे मी भूगणितशास्त्र शिकले तेव्हा पृथ्वीच्या आकाराविषयीची सगळी अवघड प्रकरणे मला ओळंबा आणि पाणसळ यांच्याच विस्तारासारखी वाटली. ओळंबा गुरुत्वाची दिशा दाखवतो, नळीतले पाणी गुरुत्वाला काटकोनात स्थिर होते, आणि समुद्रसपाटी नावाची जी गोष्ट आपण सर्व उंचीसाठी आधार म्हणून धरतो ती याच तत्त्वावर देशभर पसरवलेली आहे. अण्णांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग एवढ्या लांबवर नेताना चूक झाली तर कळती कशी?" लेव्हलिंगच्या, म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागी उंची मोजत नेण्याच्या, शिक्षणातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न त्यांनी एका वाक्यात विचारला होता. चूक कळते ती परत आल्यावर. जिथून निघालो त्याच खुणेवर फिरून यायचे, आणि निघतानाचा आकडा व परतल्यावरचा आकडा जुळतो का ते पाहायचे.

विद्यार्थिदशेत मी सातारा परिसराचा नकाशा पहिल्यांदा हाती घेतला तेव्हाची एक आठवण आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशांत सातारा शहर अगदी ७४ अंश पूर्व रेखावृत्तापाशी येते, त्यामुळे शहराचा परिसर एका कागदावर मावत नाही. पश्चिमेकडचा भाग ४७ जी/१४ या शीटवर आणि पूर्वेकडचा ४७ के/२ वर जातो. आम्ही दोन्ही शीट कडा जुळवून टेबलावर ठेवल्या. अजिंक्यतारा, यवतेश्वरचा घाट, पेढ्याचा भैरोबा, कासकडे चढत जाणारा डोंगर, हे सगळे मी लहानपणापासून पायांनी ओळखत होते. ते वीस-वीस मीटरच्या समोच्च रेषांत, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांत, उतरलेले पाहताना घाटातला दम लागणारा चढ नेमका कुठे आहे हे रेषांच्या दाटीवरून ओळखता आले. त्या क्षणी हा विषय माझा झाला. मात्र ते शीट आम्हाला वर्गाबाहेर नेता येत नव्हते. सही करून घ्यायचे आणि सही करून परत द्यायचे. नकाशा ही जपून, कुलपात ठेवायची वस्तू आहे, ही सवय आमच्या पिढीला तेव्हापासून लागली.

या देशाला मोजमापाची परंपरा कमी आहे असे कुणी म्हणू लागले की मला राहवत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ मधली. १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून विल्यम लॅम्बटनने ज्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला हात घातला, ते करता करता तो १८२३ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, हिंगणघाटला वारला. हिमालयातल्या पंधराव्या शिखराची, म्हणजे एव्हरेस्टची, उंची गणिताने काढणारे राधानाथ सिकदार बंगालचे. आमच्या भागाशी याहूनही जवळचा संबंध महसुली मोजणीचा आहे. प्रिंगल या ब्रिटिश अधिकाऱ्याची आधीची मोजणी फसल्यानंतर १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरपासून नव्याने काम सुरू केले, आणि मुंबई इलाख्याची जमीनमोजणी त्या पायावर उभी राहिली. त्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. आजही जुन्या टिपणांवर साखळी आणि आणे वाचावे लागतात. मोजमाप मेट्रिक होऊन सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर आले, तरी माणसांच्या तोंडी गुंठाच राहिला. एक गुंठा १०१ चौरस मीटरांहून किंचित अधिक आणि एक आर बरोबर १०० चौरस मीटर, त्यामुळे शेतकरी दोन्ही एकच धरून चालतो आणि त्याचे फारसे अडत नाही. गुंठा इतका का टिकला याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ३३ फुटांचा दोर घेऊन कुणालाही तो स्वतः मोजून बघता येतो, हे त्याचे मुख्य कारण असावे असे मला वाटते. ज्या मापाचा पडताळा आपल्या हाताने घेता येतो ते माप माणूस आपले मानतो.

मी मात्र प्रचाराला निघाले ती याच्या उलट वाटेने. २००५ च्या महापुरानंतर सांगलीत पुराविषयी बऱ्याच बैठका झाल्या. त्यांपैकी एकीत मला नकाशाशास्त्रावर बोलायला बोलावले होते. मी संगणकावर शहराचे रंगीत त्रिमितीय चित्र तयार केले, हातातल्या जीपीएसने रस्त्यांच्या उंची घेतल्या आणि मोठ्या उत्साहाने ते पडद्यावर दाखवले. सभागृहाला चित्र आवडले. बोलणे संपल्यावर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका उठले आणि अतिशय सौजन्याने म्हणाले, "मॅडम, सांगली समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. तुमच्या चित्रात ती पाचशेच्या खाली कशी गेली?" माझ्याकडे उत्तर नव्हते. ते घरी आल्यावर पुस्तके उघडून सापडले. जीपीएसची उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली नसते. पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून ती मोजतात, आणि आपल्या भागात खरी समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या साठ मीटरहून अधिक खाली आहे. तेवढी दुरुस्ती केल्याशिवाय ते आकडे उंची म्हणून दाखवणे चूक होते. ती चूक मी शंभर माणसांपुढे केली होती, आणि त्यांतल्या नव्व्याण्णव जणांना माझ्या रंगीत चित्रामुळे ती दिसली नव्हती. ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. काका नसते तर ते चित्र कुणाच्या तरी अहवालात गेले असते आणि पुढे कुणीतरी त्यावर विसंबून काही ठरवले असते. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले, चूक सांगितली, आणि त्यांनी मला चहा देऊन त्यांच्या जुन्या लेव्हल-वह्या काढून दाखवल्या. तेव्हापासून ते माझे शिक्षक आहेत.

त्यानंतरची काही वर्षे मी यंत्रे आणि सॉफ्टवेअर यांचा प्रचार केला. तो वाया गेला असे म्हणणार नाही, पण त्यातून काही रुजले असे म्हणायलाही मन धजत नाही. एका संस्थेने मोठा खर्च करून मोठे नकाशे छापणारा प्लॉटर, संगणक आणि परवान्याचे महागडे सॉफ्टवेअर घेतले, आम्ही त्यांच्या एका तरुण कर्मचाऱ्याला तीन महिने शिकवले, आणि वर्षभरात त्याची बदली झाली. पुढे मी तिथे गेले तेव्हा यंत्रावर प्लास्टिकचे आवरण होते आणि खोलीची किल्ली कुणाकडे आहे ते कुणाला ठाऊक नव्हते. यात त्या माणसांचा दोष मला दिसत नाही. त्या नकाशांची त्यांच्या रोजच्या कामात कुणाला गरजच भासली नव्हती. गरज आहे असे आम्ही बाहेरून जाऊन ठरवले होते.

माझ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत वेगळी खंत आहे. जत, आटपाडी, माण, खटाव इथली कितीतरी मुले-मुली हे तंत्र शिकून पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांत गेली. त्यांना बरा पगार मिळाला, घरची ओढग्रस्ती संपली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण एक मुलगी सुट्टीत भेटायला आली तेव्हा म्हणाली, "मॅडम, दिवसभर परदेशातल्या शहरांचे रस्ते काढते. प्रत्येक गल्लीला नाव, प्रत्येक घराला नंबर. आणि आमच्या वस्तीचं नाव कुठल्याच नकाशात नाही." तिची वस्ती मळ्यात आहे. आमच्या दुष्काळी तालुक्यांत अर्धे गाव असे शेतावर विखुरलेले असते आणि वस्तीला आडनावावरून किंवा एखाद्या ओढ्यावरून नाव पडलेले असते. रात्री कुणाला छातीत दुखू लागले आणि १०८ ला फोन केला, तर गाडीच्या चालकाला रस्ता सांगण्यासाठी घरचा माणूस फाट्यावर जाऊन उभा राहतो. त्या मुलीने आणि तिच्या भावाने मे महिन्याच्या सुट्टीत दुचाकीवरून हिंडून गावातल्या सगळ्या वस्त्या, त्यांच्या वाटा आणि पावसाळ्यात बंद होणारे ओढ्यावरचे रस्ते टिपून ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या ऑनलाइन नकाशावर चढवले. नावे लिहिताना वस्तीवरच्या आजीबाईंना विचारून लिहिली. या कामाचा तिला एक रुपयाही मिळाला नाही. माझ्या मते आमच्या तालुक्यांत या व्यवसायाची जी काही पत निर्माण झाली, तिच्यात त्या उन्हाळ्याचा वाटा मोठा आहे.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर गेल्या काही वर्षांत दारे उघडली आहेत. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने भूस्थानिक माहितीसंबंधीची नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, आणि भारतीय व्यक्तींना व संस्थांना नकाशे करण्यासाठी पूर्वपरवानगी घेण्याची गरज उरली नाही. आडव्या अंतरात एक मीटर आणि उंचीत तीन मीटर यांहून बारीक अचूकतेचे काम भारतीयांसाठी राखले गेले. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आले. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था, जी १९६६ मध्ये नेदरलँड्सच्या साहाय्याने छायाचित्रवाचनाची शाळा म्हणून सुरू झाली, ती आज ऑनलाइन वर्ग चालवते आणि माझे जतचे विद्यार्थी मोबाईलवर ते पाहतात. क्यूजीआयएससारखी नकाशे करण्याची मोफत प्रणाली आल्यापासून सॉफ्टवेअरच्या किमतीची सबबही राहिलेली नाही. ज्यांनी सही करून शीट घेतली आणि सही करून परत दिली, त्यांना याचे मोल अधिक कळते.

आणि तरीही दार उघडले म्हणून कुणी आपणहून आत येत नाही, हे मी पाहते आहे. स्वामित्व योजनेखाली गावठाणांची ड्रोनने मोजणी होते, तिची पूर्वतयारी प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी पाहावी असे मला वाटते. उड्डाणाच्या आधी प्रत्येक घराची हद्द जमिनीवर फक्कीने आखावी लागते. ती आखताना शेजारी-शेजारी समोरासमोर येतात, न्हाणीघराचे पाणी कुणाच्या बाजूला जाते, जोत्याचा दगड कुणाचा, यावर बोलणे होते, कधी आवाज चढतो, कधी एखादी वृद्ध बाई पुढे होऊन, "सासऱ्यांनी हितनं रेघ धरली हुती," असे सांगते आणि सगळे गप्प बसतात. ड्रोन काही मिनिटांत आपले काम करून उतरतो. नकाशातली खरी माहिती त्याआधीच माणसांनी आपसांत ठरवून जमिनीवर लिहिलेली असते. वर्तमानपत्रात छायाचित्र मात्र ड्रोनचे येते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्या दिवसांविषयी मी इथे फार लिहिणार नाही. ज्यांनी ते पाहिले त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांना माझ्या शब्दांतून ते कळणार नाही. पाणी उतरल्यावर कर्नाळ रस्त्याकडच्या एका गल्लीत मी विद्यार्थ्यांसह चिखल काढायला गेले होते. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर या बाजूला पाणी नेहमी आधी येते. कोणत्या पातळीला कोणत्या भागात पाणी शिरते हे महापालिकाही सांगते. पण त्या गल्लीतल्या एक वहिनी घमेले खाली ठेवून म्हणाल्या, "आमचा भाग सांगतात, पण भाग काय सपाट हाय व्हय? त्या टोकाला पाणी आलं तरी आमच्या घरात चूल पेटलेली असती. कधी उठायचं ते आम्हाला कळायला पाहिजे." इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे नकाशा मागितला होता. घमेले खाली ठेवून बोलणाऱ्या त्या बाईंनी नकाशा हा शब्दसुद्धा उच्चारला नव्हता.

आम्ही काम घाईने सुरू केले, कारण दिवाळी जवळ येत होती आणि भिंतींना रंग लागला की पुराची गाळाची रेघ पुसली जाणार होती. काही घरांत लोकांनी ती रेघ मुद्दाम ऑईलपेंटने पक्की करून शेजारी तारीख लिहून ठेवली होती. प्रत्येक घरी जाऊन उंबऱ्यापासून त्या रेघेपर्यंतची उंची फुटपट्टीने मोजायची, एवढेच पहिले काम होते. त्यामागचा हिशेब शाळेतल्या मुलालाही कळेल असा आहे: तुमच्या भिंतीवर पाणी उंबऱ्यापासून आठ फूट चढले असेल आणि तेव्हा आयर्विनला ५७ असतील, तर तुमच्या उंबऱ्याला पाणी साधारण ४९ ला लागेल. गल्लीतल्या बायकांनी हा हिशेब मिनिटभरात आत्मसात केला आणि एकमेकींच्या घरांचे आकडे काढायला सुरुवात केली.

तेवढ्यावर भागणार नव्हते, म्हणून काका आणि मुले ऑटो लेव्हल, म्हणजे उंचीतला फरक वाचणारी तिपाईवरची दुर्बीण, घेऊन आली. काकांचे वय तेव्हा सत्तरीच्या पुढे होते; ते खुर्चीवर बसून वही सांभाळीत. उंची ठाऊक असलेल्या पक्क्या खुणेपासून पातळी घेत, स्टाफ म्हणजे आकडे आखलेली पट्टी उभी धरत, गल्लीतल्या प्रत्येक उंबऱ्याची उंची आम्ही मिलिमीटरपर्यंत वाचली आणि फिरून मूळ खुणेवर आलो. पहिल्या दिवशी फरक चार सेंटिमीटरांचा आला. पुराच्या कामाला चार सेंटिमीटरांनी काय होते, असे एका मुलाने विचारले. काकांनी वहीचे पान आडवी रेघ मारून रद्द केले आणि सांगितले की चूक किती मोठी आहे यापेक्षा ती कुठे झाली हे आपल्याला ठाऊक नाही, ही काळजीची गोष्ट आहे. दुसऱ्या दिवशी सगळे नव्याने केले. गल्लीतली माणसे दोन्ही दिवस भोवती उभी होती. आम्ही एकदा केलेले काम स्वतःहून रद्द करून पुन्हा करतो आहोत, हे त्यांनी पाहिले, आणि माझ्या आजवरच्या साऱ्या भाषणांनी जे साधले नव्हते ते त्या आडव्या रेघेने साधले.

भिंतीवरच्या रेघांवरून काढलेले आकडे आणि लेव्हलने काढलेले आकडे बहुतेक ठिकाणी जुळले. जिथे जुळले नाहीत तिथे शोध घेतला. एका घरात नवी फरशी बसवून उंबरा चार बोटे उचललेला होता. एका ठिकाणी रेघ पुराची नव्हतीच. ती ओल वर चढून उमटलेली होती. पण खरी गुंतागुंत पाण्याच्या वागण्यात होती. नदीचा पृष्ठभाग टेबलासारखा सपाट नसतो. वाहत्या पाण्याला उतार असतो, आणि खाली हरिपूरच्या संगमावर वारणा भरून आली असेल तर कृष्णेचे पाणी मागे तुंबते. शिवाय गल्लीत पाणी नदीच्या बाजूने समोरून येतेच असे नाही. ते नाल्यातून उलटे चढून मागच्या बाजूने शिरते. म्हणून आम्ही प्रत्येक आकड्यापुढे "साधारण" असे लिहिले आणि पाणी कोणत्या बाजूने येते याचा बाण काढला. तो बाण सांगायला गल्लीतल्या माणसांखेरीज दुसरा कुणी जाणकार नव्हता.

एक प्रसंग लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गल्लीतल्या एका घरमालकांनी आपले घर तक्त्यात घ्यायला नकार दिला. त्यांना घर विकायचे होते, आणि उंबऱ्याचा आकडा भिंतीवर लागला तर किंमत पडेल अशी त्यांना भीती होती. पूररेषेच्या निळ्या आणि लाल रेघांनी, म्हणजे २५ वर्षांतून एकदा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दींनी, बांधकामावर येणारी बंधने त्यांना माहीत होती. मुलांचे म्हणणे पडले की सत्य लपवू नये. मी दोन दिवस विचार केला आणि ती जागा तक्त्यात मोकळी सोडली. आकडा मात्र त्यांच्या हाती दिला आणि घर घेणाऱ्याला तो सांगण्याची विनंती केली. हे बरोबर केले की चूक, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही. नकाशा माणसाचे भले करतो तसे नुकसानही करू शकतो, आणि या व्यवसायाची महती सांगणाऱ्याने ही बाजूही सांगितली पाहिजे असे मला वाटते.

तयार झालेला तक्ता गल्लीच्या टोकाला असलेल्या मारुतीच्या देवळात लावला. त्यावर रंग नव्हते, त्रिमितीय चित्र नव्हते. घरांची ओळ, प्रत्येकापुढे आयर्विनचा एक आकडा आणि पाण्याच्या दिशेचे बाण, एवढेच होते. पंधरा दिवसांत शेजारच्या दोन गल्ल्यांतली माणसे कॉलेजवर आली. नव्या घराचे जोते घालणारा एक गवंडी आला आणि जोत्याची पातळी शेजारच्या कोणत्या उंबऱ्याशी जुळवू, असे विचारू लागला. त्याच्या पिशवीत अण्णांसारखीच नळी होती. त्याला देवळाच्या पायरीवरची आमची खूण दाखवली आणि तिची उंची सांगितली, एवढे त्याला पुरले. पुढच्या वर्षी आमच्याकडे सर्वेक्षणाचा विषय घेणाऱ्या मुलींत त्या गल्लीतल्या दोघी होत्या.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५० फुटांच्या वर गेले. चढत्या पाण्याच्या रात्री साडेदहाला त्या वहिनींचा फोन आला. त्यांनी आयर्विनचा आकडा मला विचारला नाही. तो त्यांना ठाऊक होता. त्या म्हणाल्या, "तक्त्याप्रमाणं आमच्या उंबऱ्याला अजून सव्वा फूट हाय. पण मागच्या मोरीतनं पाणी आताच आत आलंय. सामान वर टाकलंय, सासूबाईंना पोरासंगं मिरजेला धाडलंय. आमी निघालो. तुमच्या वहीत लिवून घ्या." मी वही काढली, त्यांच्या घराच्या ओळीत जुना आकडा तसाच ठेवून त्याशेजारी मोरीचा आकडा, तारीख आणि वेळ लिहिली, आणि काकांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले की त्या ओळीतल्या बाकीच्या घरांच्या मोऱ्यांची पातळी आपण घेतली होती का. घेतली नव्हती. पाणी ओसरून चिखल निघाल्यावर आम्ही ऑटो लेव्हल घेऊन पुन्हा त्या गल्लीत गेलो, आणि या वेळी घरांच्या मागच्या बाजूने सुरुवात केली.